फुप्फुस-धावनातून ॲस्बेस्टॉसचा जुना संपर्क कसा मोजावा

ॲस्बेस्टॉसमुळे होणारे आजार घाईने येत नाहीत. फुप्फुसे आक्रसून टाकणारा ॲस्बेस्टॉसिस बहुधा पहिल्या संपर्कानंतर दहा-वीस वर्षांनी उघडकीला येतो, तर फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांनी. मुंबईत एवढ्या काळात कामाची जागाच नाहीशी होते : गिरणीच्या बॉयलर खात्याच्या जागी टॉवर उभा राहतो, घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातला कारखाना बंद पडतो, दारूखान्याच्या जहाजतोडणीतला मुकादम गावी निघून जातो. त्या काळी हवेत ॲस्बेस्टॉसचे किती तंतू होते याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणी ठेवलेली नसते. अशा वेळी कामगाराच्या छातीत जे उरले आहे तेच मोजून मागचा संपर्क सिद्ध करता येईल का, हा प्रश्न छातीरोगतज्ज्ञांपुढे येतो आणि भरपाईच्या दाव्याची कागदपत्रे जमवणाऱ्या युनियनच्या कार्यकर्त्यांपुढेही येतो.

त्यासाठीची रुळलेली पद्धत म्हणजे फुप्फुस-धावन : ब्रॉन्कोस्कोपीच्या, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायच्या तपासणीच्या वेळी फुप्फुसाचा एक भाग सलाइनने धुऊन घ्यायचा आणि परत आलेल्या द्रवातील ॲस्बेस्टॉस बॉडी, म्हणजे लोहाचा थर चढलेले तंतू, मोजायच्या. पद्धत चांगली आहे, पण ती एकाच बाजूने बोलते. संपर्क झाला होता हे ती ठामपणे सांगू शकते. संपर्क झाला नव्हता हे सांगण्याची ताकद तिच्यात नाही. पुढची प्रत्येक पायरी हे लक्षात ठेवून करायची आहे, कारण मुंबईतल्या कामगारांच्या बाबतीत या फरकावर दाव्याचा निकाल फिरू शकतो.

मोजायचे काय

श्वासाबरोबर आत गेलेला लांब तंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशींना गिळता येत नाही. मग त्या पेशी त्याच्यावर लोह आणि प्रथिनांचा थर चढवतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना सोनेरी-तपकिरी, मण्यांच्या माळेसारखी, टोकांना फुगीर आणि मध्ये पारदर्शक सरळ गाभा असलेली दिसते. हीच ॲस्बेस्टॉस बॉडी. ती साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, तर थर न चढलेले बारीक तंतू त्याखाली दिसत नाहीत; त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

हा थर सर्व तंतूंवर सारखा चढत नाही. तो मुख्यतः वीस मायक्रॉनपेक्षा लांब तंतूंवर चढतो आणि त्यांतही ॲम्फिबोल गटातल्या, म्हणजे ॲमोसाइट (तपकिरी) व क्रोसिडोलाइट (निळा) यांसारख्या तंतूंवर. क्रायसोटाइल म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस फुप्फुसात तुटतो, विरघळतो आणि तुलनेने लवकर बाहेर टाकला जातो, त्यामुळे त्याच्या बॉडी फार कमी सापडतात. भारतात सिमेंटच्या पत्र्यांपासून ब्रेक लायनिंगपर्यंत वापरला गेलेला ॲस्बेस्टॉस बव्हंशी क्रायसोटाइलच आहे.

आधी कामाचा इतिहास

दुर्बीण आत घालण्यापूर्वी कामगाराची सबंध नोकरी कागदावर उतरली पाहिजे. या कामासाठी एक तास मोकळा ठेवावा, कारण ओपीडीच्या गर्दीत ते होत नाही. ‘ॲस्बेस्टॉसचे काम केले होते का?’ असा थेट प्रश्न निरुपयोगी ठरतो. बहुतेक जण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. विचारायचे ते हातातल्या वस्तूंबद्दल आणि धुळीबद्दल.

‘काका, बॉयलर खात्यात तुमच्याकडे काय काम होतं?’

‘पाइपाचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण. जुनं फोडायचं, नवं थापायचं.’

‘फोडताना काय निघायचं?’

‘पांढरी, करडी भुकटी. पाण्यात कालवून लिंपायचो, वरून दोरी गुंडाळायचो. सुटी झाली की डोक्यापासून पायापर्यंत पीठ चोळल्यासारखे दिसायचो.’

‘कपडे कुठे धुवायचे?’

‘घरीच. बायको बाहेर झटकायची आणि मग भिजवायची.’

एवढ्या बोलण्यात कामाचा प्रकार, धुळीची मात्रा, सामग्रीचा रंग आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा संपर्क, असे सगळे मिळाले. पत्नीचे नावही त्याच वेळी तपासणीच्या यादीत घालावे, कारण मेसोथेलिओमा कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या माणसांतही आढळलेला आहे.

मुंबईत हा इतिहास विचारताना काही ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवावीत. माझगाव गोदी आणि नौदल गोदीतली जहाजदुरुस्ती, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधील वाफेच्या इंजिनांचे काम, गिरण्यांची बॉयलर खाती, औष्णिक वीज केंद्रांतील पाइप, बस डेपोतली ब्रेक लायनिंग घासण्याची जागा, आणि दारूखान्यातली जहाजतोडणी. जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ २०१४ मध्ये दारूखान्यातच तोडायला घेतली गेली. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये बांधायला घेतलेली नौका होती. त्या काळच्या परदेशी जहाजांच्या इंजिनरूममध्ये आणि भिंतींच्या अस्तरात ॲमोसाइट व क्रोसिडोलाइट मुबलक वापरले जात. म्हणून जहाजतोडणी व जहाजदुरुस्ती करणाऱ्याच्या धावनात बॉडी सापडण्याची शक्यता पत्र्याच्या कारखान्यातल्या कामगारापेक्षा जास्त असते, जरी दुसऱ्याने अधिक वर्षे धूळ खाल्ली असली तरी. दारूखान्यातले बरेच मजूर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे असतात. त्यांच्याशी बोलताना हिंदी किंवा भोजपुरी जाणणारा माणूस सोबत असावा.

पुरावा म्हणून ईएसआयचे कार्ड, पीएफचे पासबुक, पगारपावत्या, सर्व्हिस सर्टिफिकेट आणि गेटपास यांच्या प्रती जोडाव्यात. बदली कामगाराकडे आणि ठेकेदाराच्या माणसाकडे यांतले काहीच नसते. तेव्हा त्याच खात्यातल्या दोन सहकाऱ्यांचे लेखी निवेदन घ्यावे आणि त्यात साल, खाते व कामाची पद्धत स्पष्ट लिहून घ्यावी.

धावन कोणाचे करावे आणि कोणाचे करू नये

केवळ संपर्क सिद्ध करण्यासाठी धडधाकट माणसाच्या छातीत दुर्बीण घालणे मला पटत नाही. इतिहास भक्कम असेल आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या आवरणावर दोन्ही बाजूंना ॲस्बेस्टॉसचे नेहमीचे चट्टे, म्हणजे प्लाक दिसत असतील, तर धावनाने त्यात फारशी भर पडत नाही. धावनाचा खरा उपयोग तीन प्रकारच्या रुग्णांत होतो : फुप्फुसे तंतुमय झाली आहेत पण कारण ठरत नाही असा माणूस, कामाचा इतिहास धूसर असलेला माणूस, आणि ज्याची ब्रॉन्कोस्कोपी क्षयाच्या किंवा कर्करोगाच्या शंकेने तशीही होणारच आहे असा माणूस. मुंबईत तिसरा गट सर्वांत मोठा आहे, आणि त्यातली संधी बहुधा वाया जाते, कारण द्रव क्षयाच्या तपासणीला पाठवून उरलेला ओतून दिला जातो. त्यातले वीस मिलिलिटर बाजूला काढून ठेवायला खर्च काहीच येत नाही.

रक्तातील ऑक्सिजन फार कमी असणे, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, रक्त न गोठण्याची प्रवृत्ती किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, यांपैकी काहीही असेल तर थांबावे. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे आणि त्यात हे स्पष्ट असावे की मोजणी ‘शून्य’ आली तरी तिचा अर्थ संपर्क नव्हता असा होणार नाही. अहवालाची प्रत कोणाकोणाला जाणार, हेही सही घेण्यापूर्वीच सांगावे. मालकाच्या खर्चाने तपासणी होत असेल तर ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते.

नमुना घेताना

रुग्णाला चार ते सहा तास उपाशी ठेवून, घसा व श्वासनलिका लिग्नोकेनने बधिर करून दुर्बीण उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात किंवा डाव्या बाजूच्या लिंग्युलात (वरच्या खंडाच्या खालच्या भागात) अडकेपर्यंत नेतात. सीटीमध्ये विकृती दुसरीकडे स्पष्ट असेल तर तो भाग निवडता येतो. मात्र निवडलेला खंड कागदावर लिहिलाच पाहिजे, कारण दोन खंडांतले आकडे सारखे असतील असे गृहीत धरता येत नाही.

निर्जंतुक ०.९ टक्के सलाइन २० ते ६० मिलिलिटरच्या हप्त्यांत, एकूण १०० ते ३०० मिलिलिटर सोडतात आणि प्रत्येक हप्ता हलक्या ओढीने परत घेतात. जोराने ओढल्यास श्वासनलिका चिकटते आणि द्रव कमी येतो. सोडलेल्यापैकी निदान ३० टक्के परत आला तर नमुना समाधानकारक मानावा. पहिला हप्ता श्वासनलिकेतला असतो, तो वेगळ्या बाटलीत ठेवणे बरे. किती सोडला आणि किती आला, हे दोन्ही आकडे अर्जावर लिहावेत. हे काम सिस्टरकडे सोपवलेले असते आणि घाईत हमखास राहून जाते.

बाटली पॉलिप्रॉपिलीनची असावी. पेशी मोजण्यासाठी द्रव ताजाच जावा, आणि क्षयासाठीचा भाग निर्जंतुक बाटलीत वेगळा काढावा. ॲस्बेस्टॉससाठी किमान १० मिलिलिटर, जमल्यास २० किंवा अधिक, कापडातून न गाळता ठेवावा; गाळताना श्लेष्म्याबरोबर बॉडीही अडकून राहू शकतात. हा भाग लगेच तपासणार नसाल तर फॉर्मलिन घालून ठेवता येतो, पण किती घातले हे लिहून ठेवा, कारण पुढे ते आकारमानातून वजा करावे लागते.

त्या संध्याकाळी रुग्णाला थोडा ताप येणे नेहमीचे आहे आणि तो बहुधा २४ तासांत उतरतो. ही गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवावी.

प्रयोगशाळेत

काम अवघड नाही, पण स्वच्छतेला फार कडक आहे. द्रवात सोडियम हायपोक्लोराइट मिसळून पेशी व श्लेष्मा विरघळू द्यावा. द्रव स्वच्छ होईपर्यंत काही तास, गरज पडल्यास रात्रभर ठेवावा. मग तो ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या सेल्युलोज एस्टर पटलातून गाळावा, पटल गाळलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे, म्हणजे मिठाचे स्फटिक उरत नाहीत, आणि वाळू द्यावे. कारखान्यातल्या हवेतील तंतू मोजणाऱ्या प्रयोगशाळेला पुढची पायरी ठाऊक असते : ॲसिटोनच्या वाफेने पटल पारदर्शक करून ट्रायॲसिटिनचा थेंब घालून काचपट्टीवर बसवणे.

हायपोक्लोराइटसह प्रत्येक द्रव वापरण्यापूर्वी गाळून घ्यावा. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना, म्हणजे नुसते सलाइन, त्याच वाटेने न्यावा. कोऱ्या पटलावर एकही बॉडी सापडली तर त्या दिवसाची सगळी फेरी रद्द समजावी. इथे तडजोड केली की पुढे सुनावणीत विरुद्ध बाजूचा तज्ज्ञ नेमके तेवढेच विचारतो.

मोजणी २०० ते ४०० पट मोठे करून संपूर्ण पटलावर करावी; मधली काही दृश्ये मोजून गुणाकार करण्याचा मोह टाळावा. फक्त पारदर्शक, सरळ आणि बारीक गाभ्यावरचा लोहाचा थर मोजावा. गाभा काळा असेल तर ती कोळशाच्या किंवा काजळीच्या कणावरची बॉडी असते; जाड, पिवळसर, पापुद्र्यासारखा असेल तर टाल्कची किंवा तत्सम खनिजाची. मुंबईच्या हवेत राहून विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या नमुन्यात काळे कण भरपूर असतात, त्यामुळे नवख्याची इथे गल्लत होते. निम्मी किंवा तुटलेली बॉडी मोजायची की नाही, याचा नियम आधीच लिहून ठेवावा. एकच पटल दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे. शंका राहिल्यास पर्ल्स रंगाने लोहाचा थर निळा होतो, पण गाभा कशाचा आहे हे त्यावरून कळत नाही.

आकडा आणि त्याचा अर्थ

हिशेब साधा आहे : मोजलेल्या बॉडी भागिले गाळलेला मूळ द्रव. २० मिलिलिटर द्रवात ३४ बॉडी सापडल्या तर दर मिलिलिटरला १.७. हेलसिंकी निकषांनुसार, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या आजारांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या कसोट्यांनुसार, ज्या १९९७ मध्ये ठरल्या आणि २०१४ मध्ये सुधारल्या गेल्या, दर मिलिलिटरला १ पेक्षा जास्त बॉडी म्हणजे त्या माणसाचा ॲस्बेस्टॉसशी कामावर संपर्क आला असण्याची दाट शक्यता. हा आकडा फुप्फुसाच्या कोरड्या ऊतीतल्या दर ग्रॅमला सुमारे १,००० बॉडींच्या बरोबरीचा समजला जातो. त्याच निकषांत दर मिलिलिटरला ५ ते १५ बॉडी ही पातळी साधारण २५ तंतू-वर्षांच्या एकूण मात्रेशी जोडलेली आहे, म्हणजे हवेच्या दर मिलिलिटरला १ तंतू असलेल्या जागी २५ वर्षे, किंवा ५ तंतू असलेल्या जागी ५ वर्षे काम केल्याइतकी. या मात्रेला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट होतो असे मानतात. बॉडी आणि मात्रा यांचे हे नाते मुख्यतः ॲम्फिबोल वापरणाऱ्या कामगारांच्या अभ्यासांवर उभे आहे, हे मात्र निकष उद्धृत करताना पुष्कळदा गाळले जाते.

छोट्या संख्यांना जपून वागवावे. ४ मिलिलिटर द्रवात ४ बॉडी सापडल्या तर उत्तर १.० येते आणि ते नेमके सीमेवर पडते. पण ४ ही मोजणी निव्वळ योगायोगाने १ पासून १० पर्यंतच्या खऱ्या सरासरीतून येऊ शकते, म्हणजे खरे मूल्य ०.३ ते २.६ यांत कुठेही असू शकते. १० मिलिलिटरच्या अटीमागे हाच विचार आहे. आकड्याबरोबर मोजलेल्या बॉडींची संख्या आणि द्रवाचे आकारमान दिल्याशिवाय अहवाल वाचणाऱ्याला त्याचे वजन कळत नाही.

शून्य आले तर

‘आढळल्या नाहीत’ असे लिहू नये. २० मिलिलिटरमध्ये एकही बॉडी नसेल, तर खरे मूल्य ९५ टक्के खात्रीने दर मिलिलिटरला ०.१५ पेक्षा कमी आहे, एवढेच म्हणता येते. ५ मिलिलिटरच तपासले असतील तर ०.६ पेक्षा कमी. शिवाय हे फक्त बॉडींबद्दलचे विधान आहे, तंतूंबद्दलचे नाही. तीस वर्षांपूर्वी क्रायसोटाइल हाताळलेल्या ब्रेक लायनिंगच्या कामगाराच्या धावनात शून्य येणे अगदी शक्य आहे, आणि त्याच्या फुप्फुसांना झालेली इजा तरीही जिथल्या तिथे असते. हेलसिंकी निकषांतही क्रायसोटाइलच्या बाबतीत तंतूंच्या मोजणीपेक्षा कामाच्या इतिहासाला अधिक विश्वसनीय मानले आहे. म्हणून शून्याच्या अहवालाखाली ‘क्रायसोटाइलचा जुना संपर्क या निष्कर्षाने नाकारता येत नाही’ हे वाक्य छापील नमुन्यातच असावे. ते डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले की विमा कंपनीच्या फायलीत नुसते शून्य जाते.

आकडा सीमारेषेजवळ असेल किंवा बॉडी आणि इतिहास यांचा मेळ बसत नसेल, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तंतूंचा प्रकार व संख्या ठरवता येते. त्यासाठी पटल वेगळ्या पद्धतीने तयार करावे लागते. म्हणून द्रवाचा एक हिस्सा सुरुवातीलाच न हाताळता राखून ठेवावा.

अहवाल आणि पुढची वाट

अहवालात खंड, सोडलेला व परत आलेला द्रव, गाळलेले आकारमान, मोजलेल्या बॉडी, दर मिलिलिटरचा आकडा व त्याची मर्यादा, कोऱ्या नमुन्याचा निकाल, मोजणाऱ्या दोघांची आद्याक्षरे आणि पहिल्या संपर्कापासून गेलेली वर्षे, एवढे असावे. ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे निदान मात्र प्रयोगशाळेने लिहू नये. ते इतिहास, सीटी, फुप्फुसांची क्षमता आणि स्टेथोस्कोपला ऐकू येणारी खालच्या बाजूची चरचर, हे सगळे एकत्र पाहून उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहायचे असते.

निदान झाले की ते कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. ॲस्बेस्टॉसिस हा कारखाने कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतला अधिसूचित आजार होता आणि नव्या कामगार संहितांच्या यादीतही तो आहे. महाराष्ट्रात ही सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. विमेदार कामगाराचा दावा कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे आणि इतरांचा नुकसानभरपाईच्या प्राधिकाऱ्याकडे दाखल होतो. सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या २७ जानेवारी १९९५ च्या निकालाचा उल्लेख करावा. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवरील त्या निकालाने ॲस्बेस्टॉस उद्योगाला प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायला सांगितले आहे. ती नोंद मालकाकडे लेखी मागावी आणि मागणीच्या पत्राची पोच घ्यावी. नोंद मिळाली तर इतिहास पक्का होतो, आणि न मिळाल्यास पोचपावती हाच एक पुरावा होतो.

मोजलेले पटल, काचपट्टी आणि उरलेला द्रव नोंदणी क्रमांकासह जपून ठेवावेत, कारण दावे वर्षानुवर्षे चालतात आणि फेरमोजणीची मागणी बहुधा मोजणारा माणूस निवृत्त झाल्यावर येते. कामगाराला अहवालाची एक प्रत त्याच्या हातात द्यावी, आणि तिच्यावर पटल कुठे व कोणत्या क्रमांकाने ठेवले आहे हे लिहावे.